छिद्र कोणाचे? अद्भुतातील खलपुरुष आणि मराठी समीक्षेचा हिशेब

अद्भुत कथेतील खलपुरुषाकडे मराठी समीक्षेने बहुधा हिशेबनिसाच्या नजरेने पाहिले आहे. त्याला राज्य हवे होते की राजकन्या. नायक हाती सापडला असताना त्याला ठार न मारता तळघरात का ठेवले. ज्या गुपितावर स्वतःचे प्राण अवलंबून, ते पहिल्याच विचारणाऱ्याला का सांगून टाकले, असे प्रश्न करायचे. उत्तरे मिळाली नाहीत की कथानकात छिद्रे आहेत असा निकाल द्यायचा आणि कथा ‘रंजनप्रधान’ या शिक्क्यानिशी अडगळीत टाकायची, अशी ही रीत आहे. तिला विरोध करणारा दुसरा पक्षही आहे, परंतु तो पहिल्याहून आळशी आहे. अद्भुतात सर्व काही चालते, तेथे कार्यकारणभाव शोधणे हेच अरसिकपणाचे, एवढे म्हणून तो मोकळा होतो. वरवर परस्परविरोधी दिसणाऱ्या या दोन पक्षांचे एका गोष्टीवर मात्र पूर्ण एकमत आहे. खलपुरुषाच्या बेतातील छिद्र ही कर्त्याची चूक आहे, असे दोघेही धरून चालतात. एक ती मोजतो, दुसरा ती माफ करतो. ते छिद्र मुळात कोणाचे, हा प्रश्न दोघांनाही पडत नाही.

हा वाद मराठी कादंबरीइतकाच जुना आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली आली आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली. ‘मंजुघोषा’च्या प्रस्तावनेत रिसबुडांनी अद्भुताचा आश्रय का करावा लागतो याचे जे कारण दिले आहे, त्याच्याइतके प्रामाणिक विधान त्या काळात क्वचितच सापडेल. त्यांचा आशय असा की, लग्नाविषयीच्या रूढींमुळे व इतर काही कारणांमुळे हिंदूंच्या रोजच्या जगण्यात मन वेधून घेईल असा दुर्गुणही नाही आणि सद्गुणही नाही. तेव्हा मनोरंजक पुस्तक लिहायचे तर अद्भुताकडे वळणे भाग आहे. या विधानातील सद्गुणाच्या अर्ध्या भागावर पुष्कळ लिहिले गेले. दुर्गुणाच्या अर्ध्या भागाकडे कोणी फारसे वळले नाही. खरे तर खलपुरुषाच्या दृष्टीने तोच अर्धा भाग महत्त्वाचा आहे. रिसबुडांना आपल्या समाजात दुष्टपणा नाही असे म्हणायचे नव्हते. जो दुष्टपणा आहे तो कथा होण्याइतका रंजक नाही, अशी त्यांची तक्रार होती. म्हणजे मराठी कादंबरीने खलपुरुष बाहेरून आणला तो गावातील दुष्टपणा आकाराने लहान, रंगाने मळकट आणि रोजचा होता म्हणून.

पुढे चारच वर्षांत, १८७२ साली, काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांचा ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ आला आणि त्याने या कादंबऱ्यांच्या असंभाव्यतेवर बोट ठेवले. निबंध आपल्या काळाच्या मानाने धाडसी होता आणि त्याचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याने मराठी समीक्षेच्या हाती संभाव्यतेची जी मोजपट्टी दिली, ती तिने पुढे कधी खाली ठेवलीच नाही. वि. का. राजवाडे यांनी १९०२ मधील ‘कादंबरी’ या निबंधात अद्भुत कादंबरीची वेगळी जात मानून तिचा गंभीरपणे विचार केला. राजवाड्यांच्या अन्य मतांप्रमाणे तेही मत आदराने उद्धृत केले गेले आणि बाजूला ठेवले गेले. संभाव्यतेची मोजपट्टी विजयी झाली ती निबंधांमुळे नव्हे. ती हरि नारायण आपट्यांमुळे विजयी झाली. ‘पण लक्षात कोण घेतो?’मधील शंकरमामंजी हा मराठीतील पहिला असा खलपुरुष, की ज्याच्या कृतीत हिशेबनिसाला एकही छिद्र सापडू नये.

छिद्र का सापडत नाही, हे मात्र पाहिले पाहिजे. शंकरमामंजींजवळ कोणताही महान बेत नाही. विधवा यमूचे केशवपन घडवून आणण्यासाठी त्यांना तळघर लागत नाही, विष लागत नाही, वेषांतर लागत नाही. न्हावी लागतो आणि शास्त्राचा आधार लागतो. दोन्ही आयते मिळतात. ज्या दुष्टपणाच्या पाठीशी सबंध समाज उभा असतो त्याला योजना आखावी लागत नाही, आणि योजनाच नसेल तर ती फसणार कशी? याच्या उलट अद्भुतातील खलपुरुष एकटा असतो. त्याला जग उलथून टाकायचे असते आणि ते रूढीच्या मार्गाने उलथत नसल्यामुळे त्याला मंत्र, वर, यंत्र, कपट यांची जुळवाजुळव करावी लागते. वास्तववादी खलपुरुषाची सुसंगती ही त्याच्या कर्त्याच्या कौशल्याइतकीच त्याच्या पाठीशी असलेल्या सत्तेचीही खूण असते. ही सत्ता ज्याच्याजवळ नाही त्याला सत्ताधाऱ्याच्या मापाने मोजायचे आणि तो मापात बसत नाही म्हणून कर्त्याला दोष द्यायचा, हा संभाव्यतावादी समीक्षेचा मूळ घोटाळा होय.

आता ज्या परंपरेतून मराठी अद्भुताने आपले खलपुरुष घेतले, त्या पुराणपरंपरेकडे पाहावे. तेथे खलपुरुषाच्या बेताचा ठरलेला आकार आहे. असुर तप करतो, वर मागतो, वर मिळतो, त्या वरात एक छिद्र राहते आणि त्या छिद्रातून त्याचा मृत्यू आत येतो. हा आकार शेकडो कथांत इतक्या नियमितपणे येतो की त्याला नजरचूक म्हणणे म्हणजे पावसाळ्याला छत गळण्याचा अपघात म्हणणे होय. प्रश्न छिद्र आहे का हा नाही. ते कोठे आहे, हा आहे.

रावण वर मागतो तेव्हा देव, दानव, यक्ष, राक्षस, नाग, गरुड यांची नावे काळजीपूर्वक घेतो. माणसाचे नाव घेत नाही. वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडात त्याचे कारणही त्याच्याच तोंडी आहे: बाकीचे प्राणी, माणसासकट, त्याला गवताच्या काडीसारखे वाटतात. हिशेबनीस येथे म्हणेल की दहा डोक्यांच्या विद्वानाने एवढी साधी तरतूद विसरावी हे असंभाव्य आहे. परंतु रावण काही विसरलेला नाही. त्याने माणसाला मोजलेले नाही. विसरणे हा स्मृतीचा दोष आहे. न मोजणे हा स्वभाव आहे. महिषासुराच्या कथेतही तेच घडते. पुरुषाच्या हातून मरण नको, एवढे मागताना स्त्रीपासून धोका संभवतो हे त्याला विचारात घेण्याजोगे वाटत नाही. छिद्र नेमके त्या जागी आहे, जेथे खलपुरुषाची तुच्छता आहे. त्याच्या बेताचा नकाशा पाहावा, जो भाग कोरा आहे तेथे तो कोणाला माणूस समजत नाही हे लिहिलेले असते.

सर्वच छिद्रे तुच्छतेची असतात असे मात्र नाही. हिरण्यकशिपूचा वर वेगळ्या जातीचा आहे. दिवसा नको, रात्री नको, आत नको, बाहेर नको, माणसाकडून नको, पशूकडून नको, अशी त्याची यादी पाहिली तर त्याने कोणालाही न मोजता सोडलेले नाही. त्याने सर्व काही मोजले आहे. परंतु जग दोन-दोन खणांत पुरते विभागले जाते असे त्याने गृहीत धरले आणि उंबरठा, संध्याकाळ, नरसिंह हे खणांच्या मधल्या फटीतून आले. हे छिद्र वर्गीकरणावर विसंबणाऱ्या शहाणपणाचे आहे. समीक्षकांनी तरी त्याची थट्टा करू नये.

भस्मासुराची कथा याहून सूक्ष्म आहे. लोकप्रिय रूपात मोहिनी नाचते, तो तिच्या मागोमाग हातवारे करतो आणि स्वतःच्याच मस्तकावर हात ठेवतो. वृत्तपत्रांनी महागाईपासून अतिक्रमणापर्यंत सर्वांना भस्मासुर करून टाकल्यामुळे त्या नावातील कथा बरीचशी झिजून गेली आहे. भागवताच्या दशम स्कंधात हाच असुर वृकासुर या नावाने येतो आणि तेथे मोहिनी नाही. विष्णू बटूच्या वेषात येतो आणि सुचवितो की दक्षाच्या शापामुळे पिशाचवृत्ती पत्करलेल्या शिवाच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार. खात्री करायची तर स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून पाहावा. येथे छिद्रान्वेषकाला पर्वणीच आहे: वर खोटा आहे असे वाटत असेल तर तो दुसऱ्या कोणावरही अजमावता आला असता! परंतु वृकासुराने ज्याच्याकडून वर मिळवला त्याच्यावरच तो अजमावायला तो निघाला होता. देणाऱ्याबद्दल ज्याला कृतज्ञता नाही, त्याला दिलेल्या वस्तूबद्दल विश्वास कसा असेल? त्याचा घात कामाने केला असे लोककथा म्हणते, संशयाने केला असे भागवत म्हणते. दोन्ही कथनांत छिद्र एकाच जागी नाही, म्हणजे दोन कथनकर्त्यांनी त्या असुराला दोन वेगळे स्वभाव दिले आहेत. ‘कथानकात दोष आहे’ एवढे म्हणून थांबणाऱ्याला हा भेद दिसण्याची सोयच राहत नाही.

आजीच्या गोष्टींतील राक्षसाचा प्राण सात समुद्रांपलीकडे पिंजऱ्यातल्या पोपटात असतो. तो तेथे सुरक्षित असतो, जोवर राक्षस ते सांगत नाही. आणि तो सांगतो. कोणाला? कोंडून ठेवलेल्या राजकन्येला. जगातील सर्व फसलेल्या बेतांत याहून मोठे छिद्र नसेल, आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ते ऐकून घेतले आहे. मुले भोळी असतात म्हणून ऐकून घेतात, हा मोठ्यांचा समज आहे. मुलाला ठाऊक असते की राक्षसाला त्या प्रश्नात काळजी ऐकू आली. आपण डांबून ठेवलेल्या बाईच्या मनात आपल्याविषयी प्रेमाखेरीज दुसरा विचार असू शकतो, ही शक्यताच त्याच्या हिशेबात नाही. युरोपीय अद्भुतातही हाच न्याय आढळतो. टॉल्किनच्या सॉरॉनने आपली अंगठी ज्या एका ज्वालामुखीत नष्ट होऊ शकते त्याच्या तोंडाशी पहारा का ठेवला नाही, असे विचारून त्याच्या बेताची टर उडविली जाते. सत्ता हाती आलेली असताना कोणी ती फेकून द्यायला निघेल, ही कल्पना सॉरॉनला करता येत नाही. ती करता आली असती तर तो सॉरॉन नसता. मानवी पातळीवरच्या खलपुरुषाबाबतही इंग्रजी समीक्षा येथवर पोचली होती. कोलरिजने इयागोच्या दुष्टतेला हेतुशून्य ठरवून, तो स्वतःच्या कृत्यांसाठी मागाहून कारणे शोधत हिंडतो हे दाखविले, तेव्हा त्याने शेक्सपियरला गुण कमी दिले नव्हते.

येथपर्यंतच्या विवेचनाचा आधार घेऊन ‘अद्भुतात सर्व चालते’ म्हणणाऱ्या पक्षाने आनंद मानू नये. प्रत्येक छिद्राला स्वभाव म्हणून गौरविता येत नाही. काही छिद्रे खरोखर केवळ छिद्रेच असतात. मराठीत याचे सर्वांत परिचित उदाहरण छापील वाङ्मयात नसून चित्रपटात आहे आणि वाङ्मयीन नियतकालिकाने त्याच्याकडे पाहण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ साली आला. मराठी अद्भुताने त्या दशकात निर्माण केलेल्या खलपुरुषांपैकी सामान्य प्रेक्षकाच्या स्मृतीत तात्या विंचूइतका कोणी टिकलेला नाही. कथासूत्र १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटाशी उघड नाते सांगते. गुन्हेगार तात्या विंचू मृत्युंजय मंत्र मिळवितो, मरताना त्याचा आत्मा एका बाहुल्यात शिरतो, आणि मग त्याला पुन्हा मनुष्यदेह हवा असतो. अट अशी की, ज्याला त्याने आपले खरे स्वरूप प्रथम सांगितले त्याच्याच देहात त्याला शिरता येईल. तो माणूस म्हणजे बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारा साधाभोळा लक्ष्या.

तात्या विंचूच्या बेतावर घेतले जाणारे आक्षेप सर्वांच्या तोंडी आहेत. बाहुल्याच्या देहात त्याच्यावर कोणाचा संशय येत नाही, गुन्हेगाराला याहून सोयीचा देह कोणता? मग पोलिसांना हव्या असलेल्या जगात तो माणूस होऊन परत का येऊ पाहतो? गुपित लक्ष्यालाच का सांगतो? यांतील दुसरा प्रश्न पोपटाच्या गोष्टीतील राक्षसाला विचारलेलाच प्रश्न आहे आणि त्याचे उत्तरही तेच आहे. लक्ष्या हा तात्याच्या लेखी कोणीच नाही. त्याला सांगणे म्हणजे भिंतीला सांगणे. आणि नेमकी ती भिंतच पुढे त्याचे एकमेव दार ठरते. ज्याला तुच्छ मानून बोललो त्याच्याच देहावाचून आता गती नाही, ही कल्पना मूळ अमेरिकी चित्रपटातही आहे. पण तेथे समोर लहान मूल आहे. मराठीत त्या जागी शब्दभ्रमकार आला आणि कल्पनेची जातच बदलली. बोलक्या बाहुल्यांचा खेळ मराठी माणसाला पाध्ये घराण्याच्या अर्धवटरावामुळे परिचित होता. त्या खेळात माणूस बाहुल्याला आवाज देतो आणि स्वतःला बोलता न येणारे त्याच्या तोंडून बोलून घेतो. ‘झपाटलेला’त बाहुलाच आवाजाच्या मालकाचा देह मागतो. रामदास पाध्ये यांच्या हातातील बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज यांमुळे हे उलटे नाते पडद्यावर जिवंत झाले. छिद्रे मोजणाऱ्या कोणाचेही तेथे लक्ष गेले नाही, आणि ‘करमणूक आहे, सोडून द्या’ म्हणणाऱ्यांचे तर जाणे शक्यच नव्हते.

परंतु चित्रपटाने ही मिळकत राखली नाही. तात्या विंचूला मारायचे तर दोन भुवयांच्या मधोमध गोळी लागली पाहिजे, अशी अट शेवटी पुढे येते. ही अट कोणाच्या स्वभावातून आलेली नाही. ती तात्याने कोणाला तुच्छ मानल्यामुळे उरलेली नाही, त्याने काही न मोजल्यामुळे राहिलेली नाही, लक्ष्याच्या कलेशीही तिचा संबंध नाही. पोलीस अधिकाऱ्याजवळ पिस्तूल आहे आणि चित्रपट संपवायचा आहे, एवढेच तिचे कारण. आवाज ही ज्याची सारी कमाई त्या लक्ष्याने आपल्या आवाजाने बाहुल्याचा पराभव करावा, ही शक्यता कथेनेच निर्माण केली होती. तिच्याऐवजी नेमबाजी आली. रावणाच्या वरातील छिद्र रावणाचे आहे. भुवयांमधले छिद्र पटकथेचे आहे. पुढे २०१३ मध्ये आलेल्या ‘झपाटलेला २’ने त्रिमितीची भर घातली, या अंगाने मात्र काही नवे केले नाही. अद्भुतात सर्व चालते असे मानणाऱ्याला या दोन छिद्रांतील फरक सांगताच येणार नाही, कारण त्याने मोजपट्टी फेकताना डोळेही मिटून घेतले आहेत.

याशिवाय तिसऱ्या प्रकारची एक पोकळी आहे आणि तिच्याकडे वळल्यावर हा वाद केवळ रचनेचा राहत नाही. ती खलपुरुषाची नसते, रचनाकाराच्या गाफीलपणाचीही नसते. ती कथा सांगणाऱ्याच्या तुच्छतेची असते. मराठीत ती प्रथम पाहिली जोतीराव फुले यांनी. ‘गुलामगिरी’ (१८७३) मराठ्यांच्या निबंधानंतर एका वर्षाने प्रसिद्ध झाली, आणि असंभाव्यतेचा प्रश्न तिने ज्या धारेने लावला त्या धारेची कल्पनाही निबंधकारांना नव्हती. वामनाच्या कथेत फुले जोतीराव-धोंडीबा संवादातून अगदी हिशेबनिसाचे प्रश्न विचारतात. एका पावलाने सारी पृथ्वी व्यापली तर तिच्यावरील गावांचे काय झाले? दुसरे पाऊल आकाशात गेले तेव्हा तारे एकमेकांवर आदळले नाहीत काय? पृथ्वी आणि आकाश दोन्ही संपल्यावर तिसरे पाऊल ठेवायला बळीचे मस्तक कोठे उरले? वरवर पाहता ही तीच संभाव्यतेची मोजपट्टी आहे. परंतु मोजून झाल्यावर फुले कथा फेकून देत नाहीत. छिद्रातून ते पलीकडे पाहतात, आणि त्यांना दिसते की जिंकणाऱ्याने सांगितलेल्या कथेत हरलेल्याचा बेत, हेतू, न्याय यांतले काहीही शिल्लक ठेवलेले नाही. इडा पीडा टळो, बळीचे राज्य येवो, असे म्हणणाऱ्या लोकांना कोणता बळी आठवतो आणि ग्रंथांत कोणता बळी आहे, या दोहोंमधील अंतर हेच ते छिद्र होय.

फुल्यांनी त्या पोकळीत भरलेला इतिहास जसाच्या तसा स्वीकारण्याची सक्ती कोणावर नाही. त्यांच्या व्युत्पत्ती भाषाशास्त्रापुढे टिकत नाहीत हे सांगायला मोठी विद्वत्ता लागत नाही आणि ते अनेकांनी सांगितलेही आहे. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. छिद्र हे पुराव्यासारखे वाचता येते, हे त्यांनी दाखविले. असे असूनही मराठी कादंबरीसमीक्षेचा आरंभ सांगताना १८७२ चा निबंध काढला जातो आणि १८७३ चे पुस्तक समाजसुधारणेच्या कप्प्यात ठेवले जाते. संहितेचे इतके निर्भय वाचन करणाऱ्या पुस्तकाला समीक्षेच्या इतिहासात जागा मिळू नये, यात त्या इतिहासाच्याच बेतातील छिद्र दिसते.

कोणाला हेतू द्यायचा आणि कोणाला नाही, हे ठरविण्यात किती मोठी सत्ता असते याचे संस्कृतातील सर्वांत देखणे उदाहरण शाकुंतलाचे आहे. महाभारतात दुष्यंत शकुंतलेला ओळखतो आणि तरीही भर सभेत नाकारतो. लोकांनी मुलाला स्वीकारावे म्हणून तसे केले, असे नंतर सांगतो. राजाच्या वर्तनातील ही भेग कालिदासाने दुर्वासाच्या शापाने बुजविली. कुंतकाने ‘वक्रोक्तिजीविता’त या योजनेची प्रशंसा केली आणि तेव्हापासून औचित्यविचाराच्या प्रत्येक पाठात ती आदर्श म्हणून दिली जाते. ती आदर्श आहेही. पण तिने काय केले हे एकदा गद्यात सांगितले पाहिजे. राजाचे खोटे बोलणे तिने विस्मरणात बदलले आणि दोष एका रागीट ऋषीच्या व अतिथीकडे लक्ष न देणाऱ्या मुलीच्या पदरात टाकला. नायकाच्या वर्तनात छिद्र सापडले की कवी धावतो, अलंकारशास्त्र त्याला टाळ्या देते. असुराच्या वर्तनात छिद्र सापडले की कोणी धावत नाही.

जेजुरीत हे दगडात पाहता येते. ‘मल्हारी माहात्म्या’त आणि त्याभोवतीच्या परंपरेत मणि आणि मल्ल हे दोन असुर बंधू आहेत, दोघांनीही ऋषींना छळले, दोघांनाही मार्तंडभैरवाने मारले. मणीने मरताना आपला पांढरा घोडा अर्पण केला, देवाच्या सान्निध्यात जागा मागितली आणि तो उपदेव झाला. मल्लाने एका परंपरेनुसार जगाचा नाश मागितला आणि त्याचे मस्तक पायऱ्यांशी आले, येणाऱ्याजाणाऱ्याने तुडवावे म्हणून. मावळातल्या शिरगावाहून चंपाषष्ठीला निघालेला भाविक असो की मराठवाड्यातला, त्याचा पाय त्या पायरीवर पडतो. सगळा पराभव झाल्यावर, मृत्यू समोर असताना, जगाचा नाश मागून मल्लाला काय मिळणार होते? हिशेबनीस म्हणेल, हेतू स्पष्ट नाही. खरोखरच नाही. मणीला पश्चात्ताप दिला गेला, मल्लाला मागणी दिली गेली, पण कारण दिले गेले नाही. शरण गेलेल्याला अंतःकरण आणि न गेलेल्याला केवळ भूक, अशी ही वाटणी आहे. आणि तरीही ‘मल्हारी’ या देवाच्या नावात आधी मल्ल येतो. फुल्यांनी खंडोबाला बळीच्या राज्यातील अधिकारी मानले तेव्हा त्यांनी या कथेचा पक्षच बदलला; मल्लाच्या कारणाचा प्रश्न त्यानेही सुटत नाही, फक्त तो विचारता येतो.

लोकपरंपरा असे प्रश्न विचारत आली आहे, हे येथे नोंदविले पाहिजे. व्यासांच्या महाभारतात शकुनी आपल्या भाच्यासाठी कपट करतो, पण एवढे अविरत कपट करण्याइतके त्याचे स्वतःचे काय जळत होते ते कळत नाही. हे ऐकणाऱ्यांना बोचले असले पाहिजे. कारण लोककथेने त्याला एक पूर्वकथा दिली: कुरूंनी त्याच्या बापाला आणि भावांना कैदेत उपाशी मारले, एकट्या शकुनीला घास पुरवून जगविले, आणि बापाच्या हाडांचे त्याने फासे केले. व्यासांच्या ग्रंथात हे नाही. छिद्रान्वेषी श्रोत्यांनी ग्रंथकाराला दोष न देता स्वतःच छिद्र भरले, आणि भरताना दुर्योधनाचा साह्यकर्ता हा त्याच्या कुळाचा सर्वांत धीराचा शत्रू करून टाकला. यापेक्षा समर्थ टीका कोणत्या पदव्युत्तर प्रबंधात सापडते?

याच्या शेजारी शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) ठेवून पाहावी. कर्णाच्या वर्तनातील प्रत्येक भेग, द्रौपदीच्या सभेतील त्याचे शब्दसुद्धा, या कादंबरीने त्याच्या दुखावलेल्या मनाच्या साहाय्याने सांधली आणि तिला अफाट वाचक लाभला. तिच्यात सहा जण आळीपाळीने बोलतात. कर्ण, कुंती, वृषाली, शोण आणि कृष्ण यांच्याबरोबर दुर्योधनालाही स्वतःचे निवेदन मिळाले आहे. शकुनीला मिळालेले नाही. कर्णाला निर्दोष करायचे तर कपटाचे ओझे वाहायला कोणीतरी लागतो, आणि ज्याने ते वाहायचे त्याला बोलू देऊन चालत नाही. मराठी समीक्षेने या कादंबरीच्या भाषेतील अलंकारांचा, तिच्या भावविवशतेचा, लोकप्रियतेचा पुष्कळ समाचार घेतला. हाडांच्या फाशांची गोष्ट खेड्यापाड्यांत ऐकली जात असताना सातवे निवेदन का नाही, असे मात्र तिने विचारलेले नाही.